'काका, जग पुढे गेलं' म्हणणाऱ्या वाचकास

डाउनलोड केलेल्या व्हिडिओची डीव्हीडी कशी बनवायची, या माझ्या लेखावर 'एक वाचक' अशा नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: "काका, जग पुढे गेलं. हल्लीचे प्लेयर सगळं वाचतात, एमपीफोर फाइल तशीच डिस्कवर टाका. उगाच दोन-दोन तास कन्व्हर्ट करायला लावून लोकांचा वेळ खाऊ नका. करायचंच तर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरा. शिवाय मोबाइलचं सेकंदाला ३० फ्रेम्सचं चित्रण पालच्या, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, २५ वर आणलं की झटके बसतात, ते तुम्ही लिहिलेलंच नाही."

काका म्हणालात, हरकत नाही. दाढी पिकलीच आहे. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याचं वय काढायचं, ही कुठली रीत? लेख पटला नाही तर तसं सांगा, ऐकून घेईन. 'उगाच' आणि 'वेळ खाऊ नका' हे मात्र लागलं. या लेखासाठी मी झोपमोड केली आहे, पानावर एकही जाहिरात नाही, कुणाचे पाच पैसे घेतलेले नाहीत. आणि वेळ कोण कुणाचा खातो? कन्व्हर्ट कॉम्प्युटर करतो हो, तुम्ही नाही. लावून द्या आणि जेवून या.

आता 'हल्लीचे प्लेयर'. ज्यांच्या घरी हल्लीचं काही असतं ते डिस्क मागतच नाहीत, लिंक पाठवली की मोबाइलवर बघून मोकळे होतात. डिस्क मागते ती गावाकडची आत्या. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ तिला तिच्या टीव्हीखालच्या जुन्या प्लेयरवर बघायचा असतो, शेजारणींना बसवून. डीव्हीडी बाजारात आली १९९६ ला आणि एच.२६४ हे व्हिडिओ दाबून लहान करायचं मानक ठरलं २००३ ला. आत्याच्या प्लेयरमधल्या चिपला ते कुणी शिकवलेलंच नाही. एमपीफोर हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते महत्त्वाचं. डिव्हएक्सचं स्टिकर लावलेले प्लेयर जुन्या एव्हीआय फाइल्स वाचतात, कबूल. पण मोबाइलवरून आलेल्या फाइलमध्ये सहसा एच.२६४ असतं, आणि तिथे बहुतेक जण मान टाकतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात मी डीव्हीडीच्या आधीच्या व्हीसीडीच्या काळापासून आहे, ३५२ बाय २८८ च्या त्या पुसट चित्रावर आमची घरं चालली. आमच्या ओळखीच्या एका एडिटरने अगदी तुमच्यासारखंच केलं, फाइल तशीच डिस्कवर टाकून दिली. त्याच्या घरी चालली. नवरीकडच्यांनी पाहुण्यांसमोर लावली तर टीव्ही काळा. तो माणूस पुढे महिनाभर त्या गल्लीतून गेला नाही. डिस्क आपल्या घरी चालते याला काही अर्थ नसतो, ती न पाहिलेल्या मशीनवर चालली पाहिजे. म्हणून डीव्हीडीचं ठरलेलं स्वरूप: एमपीईजी-२, ७२० बाय ५७६, आवाज ४८ किलोहर्ट्झ, आणि डीव्हीडी प्लेयर शोधतो तो रीतसर व्हिडिओ_टीएस फोल्डर. म्हणूनच ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांचा व्हिडिओ बसवायचा तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ५ एमबीपीएसच्या आसपास ठेवा, असंही लिहिलं होतं. तिथवर तुम्ही वाचलंत का, याची मला शंका आहे.

कारण हँडब्रेक सुचवता आहात! हँडब्रेकमधून एमपीफोर निघतं, एमकेव्ही निघतं. व्हिडिओ_टीएस निघत नाही. लेखात डीव्हीडीस्टायलर हा डीव्हीडी बनवणारा प्रोग्राम दिलाय तो काही शोभेला नाही. दुसऱ्याला जग दाखवायच्या आधी निदान सॉफ्टवेअर उघडून तरी बघायचं.

एक गोष्ट मान्य. शीर्षकात 'कुठल्याही प्लेयरवर' असं होतं, ते आता 'बहुतेक प्लेयरवर' केलं आहे. प्लेयरच्या लेन्सवर धूळ साचली असेल तर ब्रह्मदेवाने बर्न केलेली डिस्कही अडकेल.

राहिले झटके. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट एका लेखात मावत नाही. आत्याबाईंची तरी अजून तक्रार आलेली नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुमच्या त्या 'हल्लीच्या' प्लेयरचं मॉडेल लिहा, आणि तीच डिस्क शेजारच्यांकडे लावून काय झालं तेही लिहा. खाली नाव टाका. मग काका म्हणा नाहीतर आजोबा म्हणा.