रविवर्मांचं चित्र घरात ठेवणं गुन्हा नाही

‘रविवर्मांची चित्रं राष्ट्रीय संपत्ती आहेत, घरात असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जमा करा, नाहीतर जप्ती’ असा मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो खोटा आहे, आणि त्यामुळे लोक घाबरून जुनी चित्रं मिळेल त्या भावात विकून टाकतील, याची मला खरी काळजी वाटते.

पुरावशेष (जुन्या, ऐतिहासिक वस्तू) व कलानिधी (सरकारने तशा जाहीर केलेल्या मोलाच्या कलाकृती) कायदा १९७२ चा. तो मालकी काढून घेत नाही. बंदी आहे ती अशा वस्तू खासगीरीत्या परदेशी नेण्यावर. देशात विकता येतात. फक्त शंभर वर्षांहून जुन्या मूळ रंगचित्राची नोंदणी करावी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. सक्तीने संपादन करायचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण रीतसर आदेश काढून, भरपाई देऊन. खऱ्याखुऱ्या पूजेतल्या वस्तूंना तर संपादनाचा हा अधिकार लागूच होत नाही. लोणावळ्याजवळच्या मळवलीत रविवर्मांचा छापखाना होता, तिथे छापलेली लक्ष्मीची तसबीर कुणाच्या देवघरात रोज हळद-कुंकू लावून पुजली जात असेल, तर ती तिथेच राहू द्या. फक्त अमेरिकेतल्या लेकीकडे जाताना बॅगेत घालू नका. आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.