पाच सेकंदांचा सीमाप्रश्न

काल रात्री शेजारच्या मामांना यूट्यूबवर आमच्या बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यातली एक जुनी कुस्ती दाखवायला बसलो आणि माझी पार शोभा झाली. पडदा काळा, मधोमध गोल फिरतंय.

"नेट संपलंय काय रे?"

"नाही हो मामा. मी जाहिराती अडवतो, त्याचा राग असणार साइटला."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणाकडची रे साइट? बेंगळूरची काय?"

"अमेरिकेची."

"तिकडंपण कळालं काय आपण मराठी हाय ते?"

मग मी शहाणपणा पाजळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्यासारख्या फायरफॉक्स ब्राउझर वापरणाऱ्यांनी बोंब ठोकली होती, की यूट्यूब पाच-पाच सेकंद खोळंबून ठेवतं. ब्राउझरला क्रोमचं नाव लावलं की खोळंबा गायब, असंही काहींचं म्हणणं. कंपनी म्हणाली, ब्राउझरचा काही संबंध नाही, ॲडब्लॉकर वापरणाऱ्यांना त्रास होऊ शकतो.

"आणि क्रोम कुणाचा?"

"गूगलचा. यूट्यूबपण त्यांचंच."

"म्हणजे पंच त्यांचा, पैलवान त्यांचा, आखाडाबी त्यांचाच. मग तू कशाला लंगोट कसून उतरलास रे?"

झोंबलं. त्यात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली २००४ साली, आणि सीमाभागासाठी महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला तोही २००४ सालीच. आमच्याकडे दोन्ही अजून लोड व्हायलेत. यावर मामा हसले नाहीत. त्या विषयावर आमच्या गल्लीत कुणी हसत नाही.

खरी चीड वेगळीच आहे. क्रोमने नवे नियम आणले, कारण सांगितलं सुरक्षा, आणि यूब्लॉक ओरिजिनसारखं, ब्राउझरला जोडून जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेन्शन बाहेर गेलं. फायरफॉक्सने ते ठेवलंय खरं, पण त्या फायरफॉक्सची बरीचशी कमाई ब्राउझरमध्ये गूगल सर्च आधीच लावून ठेवायच्या करारापोटी गूगलकडूनच येते. ज्याच्या जिवावर भांडायचं, त्याचा घरखर्च समोरचाच भागवतोय! आणि जाहिराती नको असतील तर महिन्याला पैसे मोजा. म्हणजे आधी त्रास द्यायचा, मग तो थांबवायचे पैसे घ्यायचे.

हे सगळं मी तावातावाने सांगेपर्यंत मामांनी नातवाला फोन लावला होता. "क्रोममध्ये लाव म्हणतंय पोरगं."

मुकाट्याने लावलं. कन्नडमधून सोनेतारण कर्जाची जाहिरात सुरू झाली. 'स्किप' दिसल्यावर मी बोट पुढे केलं, तर मामांनी मनगटच धरलं.

"थांब की! व्याज किती म्हणतोय ते ऐकू दे."