साइटवर न जाता पीएच.डी.

बांधकाम व्यवस्थापनात संशोधन करताय? मग विषय शोधत बसू नका. 'प्रकल्प का रखडतात' हाच घ्या. यावर आधीच इतकं लिहून झालंय की चुकून नवं काही सापडण्याची भीती नाही.

पथ्य एकच: साइटवर फिरकायचं नाही. तिथे धूळ असते, आणि कधीकधी खरी कारणंही असतात. त्यापेक्षा प्रश्नावली काढा. विलंबाची पन्नासेक कारणं, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. पाठवा साइट इंजिनिअरला. तो ती नेमकी स्लॅबच्या दिवशी भरेल, एका कानाला फोन लावून आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी कुठे अडकली ते विचारत. तेविसाव्या कारणापासून पुढे सरसकट चार. झाला तुमचा डेटा. आता त्यातून 'सापेक्ष महत्त्व निर्देशांक', म्हणजे गुणांवरून कोणतं कारण किती वजनदार ते सांगणारा आकडा, काढा आणि दशांशानंतर तीन आकडे द्या. तिसरा आकडा पाहिला की परीक्षक जरा सावरून बसतात.

कंत्राटदार मालकाकडे बोट दाखवेल, मालक कंत्राटदाराकडे आणि सल्लागार दोघांकडे. तुम्ही 'सर्व घटकांत समन्वय आवश्यक' लिहून मोकळे व्हा.

जुन्या अभ्यासांपैकी बेंट फ्ल्यूब्येर्ग यांचं नाव घ्या, पण वाचू नका. त्यांनी २००२ मध्ये सहकाऱ्यांसह २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दर दहांतल्या नऊ प्रकल्पांत खर्चाचा अंदाज कमी निघाला, आणि याला नुसती चूक म्हणता येत नाही, आकडे मुद्दाम कमी दाखवले जातात, असं त्यांनी लिहून टाकलं. किती हा आगाऊपणा! तुमच्या प्रश्नावलीत 'मंजुरी मिळावी म्हणून खर्च दाबून दाखवला' असा रकाना टाकलात, तर त्यापुढे पाच कोण लिहील?

एखादं गाजलेलं उदाहरण हवंच. सिडनीचं ऑपेरा हाउस घ्या. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, मुदत १९६३. झालं १९७३ मध्ये, १० कोटी २० लाखांत. छताचं गणित सुटलेलं नसताना सरकारच्या घाईपायी १९५९ मध्येच काम सुरू झालं, मग छताचा भार न पेलणारे खांब पुन्हा बांधावे लागले. ही घाई तुमच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. 'आराखड्यात बदल' या सदरात ढकला. वास्तुविशारद योर्न उत्झोन १९६६ मध्येच काम सोडून गेले, ते बापडे काय हरकत घेणार?

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम-नियोजनाच्या अभ्यासकांपासून मात्र चार हात लांब राहा. आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी किती पार पडली, हे ते चक्क मोजत बसले. जेमतेम निम्मी निघाली. त्यांचा उपाय तर विचारूच नका: काम देण्याआधी मुकादमाला विचारा, 'माल आलाय का, आधीचं काम उरकलंय का?' आणि त्याला 'या आठवड्यात नाही जमणार' म्हणायची मुभा द्या. हे पटलं तर तुम्हाला मुकादमाशी बोलावं लागेल. प्रश्नावली इंग्रजीत छापलीत ना, मग तो प्रश्नच मिटला.

शेवटी 'पुढील संशोधनास वाव' हे प्रकरण. त्यात लिहा: हीच प्रश्नावली दुसऱ्या शहरात.