कोरियन शब्द खरंच दोन अक्षरी असतात?

के-ड्रामावाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. तिचा दावा असा: कोरियन शब्द जगात सगळ्यात आटोपशीर, दोन-तीन अक्षरांत काम भागतं, रोमनमध्ये तेच उगाच लांबतात, तरी लिपीच्या भानगडीत न पडता रोमनमधूनच शिका, भाषा पटकन येते.

आधी आटोपशीरपणा बघू. हंगुल म्हणजे कोरियन लिपी; तिच्यातलं एक चौकोनी अक्षर म्हणजे दोन-तीन, क्वचित चार वर्णांची जुळणी. राजधानी सोलचं नाव दोन चौकोनांत बसतं, पण आत वर्ण पाच: स, ‘ऑ’च्या जवळचा स्वर, एक मुका गोल, उ आणि ल. रोमनमध्येही पाचच: एस, ई, ओ, यू, एल. मग लांबलं काय? ‘स्त्री’ एका अक्षरात मावते म्हणून मराठीला कुणी जगातली सगळ्यात छोटी भाषा म्हणत नाही.

शिवाय शब्द कुठे संपतो, हेही लिहिण्याच्या रीतीवर ठरतं. आपल्या ‘शाळेत’सारखेच कोरियन प्रत्यय शब्दाला चिकटतात, इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. कोरियन शब्दांमधली मोकळी जागा तर १८९६च्या ‘तोंग्निप सिन्मुन’ या वृत्तपत्रापासून रुळू लागली. आधी मजकूर सलग असे.

आता रोमन सोपी असल्याचा दावा. ई-ओ मिळून तिथे एकच स्वर होतो. तो फोडून वाचल्यामुळेच मराठीत ‘सेऊल’ अवतरलं. ‘पार्क’ आडनावात मुळात र नाही. सरकारने २००० साली रोमनमध्ये लिहिण्याची नवी पद्धत आणली आणि पुसान शहराचं बुसान झालं; तिथल्या चित्रपट महोत्सवाने मात्र स्पेलिंग बदललं २०११मध्ये.

खरी गोम संधीत आहे. वाक् + मय = वाङ्मय हे आपण शाळेत घोकलंय. कोरियनमध्ये अगदी हाच नियम आहे: ‘गुक’ म्हणजे देश, ‘मिन’ म्हणजे लोक, आणि दोन्ही मिळून उच्चार ‘गुङ्मिन’. पण हंगुलमध्ये लिहितात ‘गुक-मिन’च. आपण उच्चार लिहितो, ते मूळ शब्द जपतात. सरकारी रोमन पद्धत उच्चारामागे जाते, म्हणून त्यात ‘गुक’ ओळखूच येत नाही. उलट त्याच नावाची बँक स्वतःचं नाव जुन्या ढंगाने ‘कूकमिन’ लिहिते. नवशिक्याला हे दोन्ही एकच शब्द आहेत, हे कळणार कसं?

राहिली लिपीची भानगड. मूळ वर्ण आज २४ आहेत. राजा सेजोंगने १४४६ साली ती जाहीर केली, तीच मुळी सामान्य माणसाला लवकर यावी म्हणून. बाराखडी आणि जोडाक्षरं घोटलेल्या मराठी माणसाने तिला घाबरायचं काहीच कारण नाही.