मास्क म्हणजे चाळणी नव्हे

थंडीत हवा बिघडली की एक जुना निरोप ग्रुपांवर पुन्हा फिरू लागतो: ‘एन-९५ची भोकं ०.३ मायक्रॉनची, विषाणू ०.१चा. मच्छरदाणीने वाळू अडते का? मास्कमधून उदबत्तीचा वास येतो, मग विषाणू नाही येणार? त्यापेक्षा ओला रुमाल बांधा.’

‘०.३ची भोकं’ मुळात नसतातच. जुना मास्क कापून बघा. मधला पांढरा थर पिंजलेल्या कापसासारखा सुटतो, बोटाला चिकटतो. आडव्यातिडव्या तंतूंची ती गुंतवळ. मधल्या फटी ०.३पेक्षा कितीतरी मोठ्या. ०.३ हा आकडा चाचणीतला आहे. साधारण त्या आकाराचे कण पकडणं सगळ्यात अवघड, म्हणून मिठाचे तसे बारीक कण सोडून बघतात. किमान ९५ टक्के अडले तरच मास्क पास.

‘लहान कण सहज निसटतो’ हे चाळणीचं गणित. मोठ्या कणाला हवेबरोबर वळता येत नाही, तो तंतूवर आदळतो. ०.१च्या कणाला हवेचे रेणू सारखे धक्के देतात. तो झिंगल्यासारखा भरकटतो, तंतूला टेकतो आणि तिथेच चिकटतो. मधल्या, ०.३च्या कणाचं धड ना हे, ना ते. म्हणून तोच चिवट. शिवाय तंतूंवर विद्युतभार असतो, केसांत घासलेल्या कंगव्यासारखा. मास्क स्पिरिटने पुसलात की तो भार जातो. मास्क दिसतो तसाच, पण कामातून गेलेला.

पाण्यातही हेच. १८९२ साली जर्मनीतलं हँबर्ग शहर एल्बे नदीचं न गाळलेलं पाणी पीत होतं. कॉलऱ्याने ८,०००हून जास्त माणसं गेली. शेजारचं आल्टोना हँबर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे आणखी घाण पाणी उचलायचं, पण वाळूतून गाळून. ते बरंचसं वाचलं. वाळूच्या कणांमधल्या फटी कॉलऱ्याच्या जंतूपेक्षा कैक पट मोठ्या होत्या!

वासाचं म्हणाल तर वास म्हणजे सुटे रेणू, वायू. त्यासाठी कोळशाचा थर लागतो. एन-९५ उदबत्तीचा बहुतेक धूर अडवतो, सुगंध सोडतो.

आणि ओला रुमाल? सुताचे धागे जाड, वीण मोकळी, भार नाही.

मास्कला नावं ठेवायचीच तर दाढीवर सैल बसलेल्या मास्कला ठेवा. तिथे हवा तंतूंतून जातच नाही, कडेने शिरते. निरोपात नेमकं तेवढंच नाही.