बिंडा

आमच्या मळ्यात एक विहीर होती आणि माझं सगळं बालपण तिच्यापासून लांब पळण्यात गेलं. दर उन्हाळ्यात आमचे थोरले बंधू आण्णा पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे पोहायला शिकणारा तरंगावा म्हणून त्याला बांधायचं हलकं लाकूड, घेऊन मला शोधत फिरायचे आणि मी उसात लपून बसायचो. उसाचं पान अंग कापतं, पण बुडण्यापेक्षा ते परवडलं. पुढे नोकरी लागली, पुण्यात नळाचं पाणी मिळालं आणि विहिरीचा विषय मिटला. निदान माझ्यापुरता.

आण्णांचा केदार डॅलसला असतो. या हिवाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे गेलो, तर पठ्ठ्याने कॅनकूनची तिकिटंच काढून ठेवलेली. "माझ्याकडे मेक्सिकोचा व्हिसा नाही रे," मी जमेल तेवढ्या दुःखाने म्हणालो. "काका, अमेरिकेचा व्हिसा असला की तो लागत नाही." पहिली पळवाट बुजली.

माया लोकांचं जुनं शहर चिचेन इत्झा तिथून सुमारे 200 किलोमीटर. पहाटे निघालो, अडीच तास बसमध्ये आंबलो आणि उतरलो तर घड्याळात दीडच तास सरलेला. कॅनकूनचं किन्ताना रो हे राज्य चिचेन इत्झाच्या युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे म्हणे. म्हणजे एक तास फुकट मिळाला. तो भाजून घेण्यात गेला. हिने त्याची तजवीज म्हणून माझ्या तोंडाला सनस्क्रीनचा असा थर दिला होता, की तिकीट तपासणारा पासपोर्टच्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

कुकुल्कान या नागदेवाचा पिरॅमिड मात्र बघतच राहावा असा. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून 365, वर्षाचे दिवस. माया लोक विसांत मोजायचे, असं वाटाड्या कौतुकाने सांगत होता. आमची आजीही कोंबडीच्या अंड्यांपासून स्वतःच्या वयापर्यंत सगळं विसांतच मोजायची, पण तिला बघायला कधी बस आली नाही. "वर चढायला आता बंदी आहे," तो म्हणाला. "अरेरे!" असं मीच सगळ्यात मोठ्याने म्हणालो. पर्वतीच्या 103 पायऱ्यांना दोनदा बसणारा माणूस मी.

पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी केत्साल पक्ष्याच्या ओरडण्यासारखा येतो. त्यामुळे तिथे प्रत्येक बसचे लोक टाळ्या वाजवत उभे. आरती चालू आहे पण शब्द कुणालाच येत नाहीत, असं दृश्य. त्यात विक्रेते जॅग्वारच्या डरकाळीची शिट्टी नेमकी कानामागे वाजवतात. चौथ्या डरकाळीला मी दचकणं सोडलं आणि दोन शिट्ट्या विकत घेतल्या. हिने भाव तुळशीबागेत करतात तसा केला, मराठीतच, आणि तो मान्यही झाला.

मग वाटाड्याने नावाचा अर्थ सांगितला. चिचेन इत्झा म्हणजे इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी. विहीर हा शब्द ऐकून माझ्या पोटात जुना गोळा आला. युकातानच्या या भागात वाहती नदी नाही. सगळा चुनखडीचा दगड, पाऊस त्यातून झिरपून खाली जातो, भुयारं कोरतो आणि छत कोसळलं की तयार होते पाण्याने भरलेली विहीर. तिला म्हणायचं सेनोते. गाव वसवायचं तर तिच्याच काठी. पांढऱ्या वाटेने चालत आम्ही तिथल्या पवित्र सेनोतेपाशी गेलो. चाक या पाऊसदेवासाठी तिच्यात सोनं, जेड आणि माणसंही टाकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाळ उपसला तेव्हा हाडं निघाली.

"छान," मी म्हणालो. "आता परत जाऊ."

"आता पोहायला, काका. ही नव्हे, दुसरी. इक किल."

ती दुसरी जमिनीपासून सुमारे 26 मीटर खाली. आधी शॉवरखाली उभं करून सकाळचं सगळं सनस्क्रीन धुवायला लावलं. पाणी खराब होतं म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण गार पाण्याखाली कुडकुडत मला उसाची फार आठवण झाली. ओल्या दगडी पायऱ्या उतरलो. वरून झाडांची मुळं लोंबत पार पाण्यापर्यंत आलेली, पाणी गडद निळं, त्यात काळे मासे. "खोल किती?" मी विचारलं. "चाळीसच्या वर," केदार म्हणाला. "फूट?" "मीटर." आमच्या मळ्यातली विहीर एकदम पाणपोईएवढी वाटायला लागली.

एवढ्यात त्याने माझ्या अंगात केशरी लाइफ जॅकेट चढवलं आणि पट्टे आवळले. तो आवळण्याचा झटका मी ओळखला. हुबेहूब आण्णा! मी शिडीने एकेक पायरी उतरेन म्हणून वळलो, तोवर बायकोने शेजारून मुटका मारला आणि त्या उसळलेल्या पाण्याने मी आत गेलो की केदारच्या हाताने, याबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. नाकातोंडात पाणी गेलं, देव आठवले, त्यांतला एक चाकही होता. आणि मग मी तरंगलो. उताणा, हात पसरून. वर आभाळाचा गोल तुकडा आणि पोटावरून जाणारा एक मासा, ज्याला मी काही बोललो नाही.

केदारने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. तिकडे मध्यरात्र असणार, पण आण्णांना हल्ली झोप लागत नाही. आम्ही पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्यांचा आवाजी निरोप आला होता :

"दिसला. आता बिंडा सोडून उडी मार म्हणावं."