टाकोवरच्या तक्रारीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. सांगली-मिरज रस्त्यावर नव्याने निघालेल्या मेक्सिकन हॉटेलात आम्ही मित्रमंडळी जेवायला गेलो होतो आणि त्यावर मी जे लिहिले ते तुम्हाला खटकले. तुमचे म्हणणे थोडक्यात असे की, गावातल्या तरुण मुलांनी कर्ज काढून काही नवे उभे केले असताना त्याची जाहीर चिरफाड करणे हा करंटेपणा आहे. सांगलीत बसून अस्सल मेक्सिकन चवीचा आग्रह धरणे हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार आहे. आणि पनीरचा टाको, म्हणजे दुमडलेल्या मक्याच्या पोळीत पनीरचे सारण, इथल्या लोकांना आवडत असेल तर त्यात नाक खुपसणारा मी कोण.

अस्सलपणाचा आग्रह मी धरलाच नव्हता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पनीरला माझी हरकत नव्हती, आजही नाही. गहू, गाई, डुकरे आणि चीज या गोष्टी मेक्सिकोत पोहोचल्या त्याच मुळी सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. आणि मेक्सिको सिटीत आज रस्तोरस्ती मिळणारा ‘अल पास्तोर’ टाको निघाला तो लेबननमधून तिथे जाऊन स्थायिक झालेल्यांच्या, उभ्या सळईवर मांस भाजण्याच्या पद्धतीतून. ज्या स्वयंपाकाने इतके पाहुणे पचवले, त्याला सांगलीचे पनीर जड जाईल असे मला वाटत नाही. शिवाय तिकडे टाकोवर भुरभुरतात ते ताजे चीज आपल्या पनीरच्या बरेच जवळचे असते.

माझी तक्रार पाकिटाविषयी होती. आमच्यासमोर आले ते टाकोचे कवच आधीच तळून, वाकवून पाकिटात भरलेले होते. पहिल्याच घासाला ते तळापासून उभे तडकले, सारण ताटलीत सांडले आणि सॉसचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला. हळदीच्या अडतीवर बसणाऱ्या आमच्या एका मित्राला कोणतीही वस्तू आधी नाकाशी धरायची सवय आहे. त्याने तो तुकडा हुंगला आणि ‘याला मक्याचा वासच नाही, तेलाचा आहे’ एवढेच म्हणून तो बाजूला ठेवला.

मेक्सिकोत टाको बहुतांशी मऊ टोर्टियाचा, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचा, असतो आणि तिचा मऊपणा चुन्यातून येतो. मक्याचे अख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुऊन साले काढतात आणि ओलेच वाटतात. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना पुरतो. या प्रक्रियेने पिठाला असा चिकटपणा येतो की पातळ टोर्टिया भाजून दुमडली तरी मोडत नाही. आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना कडा चिरतात आणि म्हणून उकड काढावी लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातली खुबी वेगळी सांगायला नको. हा केवळ चवीचाही मामला नाही. मक्यातले नायासिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला पण चुना तिथेच सोडला, आणि उत्तर इटलीत मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा पेलाग्राचा आजार पसरला.

आता मला सांगा, यात सांगलीला न झेपण्यासारखे काय आहे? मका जिल्ह्यात पिकतो, खायचा चुना पानपट्टीवर मिळतो, ओले वाटायला इडलीच्या पिठाचा दगडी ग्राइंडर चालतो आणि टोर्टिया दाबायला पुरीचे यंत्र. हात बसायला वेळ लागेल, हे मान्य. साल्साचेही, म्हणजे टाकोबरोबरच्या तिखट चटणीचेही, तेच. त्यांनी वाढला तो बाटलीतला, गोडसर. टोमॅटो, कांदा, लसूण आणि हिरव्या मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून दगडी खलात ओबडधोबड कुटल्या की साल्सा होतो, आणि ठेचा कुटणाऱ्या मुलखात या कामाला माणूस मिळत नाही असे कोणी म्हणू नये.

उलट राजमा त्यांनी स्वतः शिजवला होता. लसणावर परतून अर्धवट घोटलेला, मधूनच अख्खा दाणा दाताखाली येणारा तो राजमा आम्ही पुन्हा मागवला, हेही मी लिहिले होते; तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. ग्वाकामोले, म्हणजे अव्हाकाडोची चटणी, मागितल्यावर वाढणाऱ्या मुलाने ‘आज अव्हाकाडो चांगले आले नाहीत, घेऊ नका’ असे सरळ सांगितले, तेही लिहिले होते. जी मुले इतका चांगला राजमा करतात आणि गिऱ्हाइकाशी इतके खरे बोलतात, त्यांच्याकडून मी अधिक मागितले तर त्यात द्वेष कुठे आला? भडंग घेताना आपण आधी चिमूटभर तोंडात टाकतो आणि सादळलेला असेल तर तोंडावर सांगतो. अख्खा मसूर पातळ झाला तर मालकाला गल्ल्यावरून उठवून दाखवतो. त्या जुन्या दुकानदारांचे त्याने खच्चीकरण झालेले नाही. नव्या मुलांना मात्र ‘चालायचेच, मेक्सिकनच तर आहे’ म्हणून सोडून देणे, हे मला त्यांना कमी लेखणे वाटते.

किमतीविषयी तुम्ही जाता जाता टोमणा मारला आहे, त्यावर एवढेच सांगतो की मी किमतीला नावे ठेवली नव्हती. पण पाकीट फोडून वाढायचे असेल तर तो दर जास्त आहे, आणि मका भिजवून, वाटून, ताजी टोर्टिया भाजून द्यायची असेल तर तो कमी आहे.

तुम्ही शेवटी विचारले आहे की, इतके दोष दिसले तर पुन्हा त्या हॉटेलची पायरी चढणार का. चढणार आहे. राजम्याचा बुरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेला राजमा, मागवीन, टाको आत बनतो की पाकिटातून येतो हे आधी विचारीन आणि उत्तर पाकीट असे आले तर त्या दिवशी टाको घेणार नाही.